देवाच्या उजव्या बाजूचा पंखा

आमच्या गावचा देव बोलतो, पण तोंडाने नाही. गुरव त्याच्या काळ्या पाषाणावर दोन ओल्या पाकळ्या चिकटवतो, एक उजवीकडे आणि एक डावीकडे, आणि प्रश्न विचारतो. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. याला कौल म्हणतात. पोरीचं लग्न या स्थळी करायचं का, विहीर कुठे खणायची, मुंबईची खोली विकायची का, सगळं त्या दोन पाकळ्यांवर ठरतं.

मी मालवणच्या एका शाळेत जन्मभर विज्ञान शिकवलं. पृष्ठताण हा धडा आला की दरवर्षी ही पाकळी फळ्यावर काढायचो. पाणी आहे तोवर पाकळी दगडाला धरून राहते, पाणी सुकलं की सुटते. ज्या बाजूला वारा जास्त, ती बाजू आधी सुकते. यात देवाचा काही संबंध नाही, असं सांगून मी खडू झटकायचो. मुलं माना डोलवायची आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी त्याच देवाला नारळ ठेवून यायची. सुट्टीच्या दिवशी मी आसपासच्या शाळांत जाऊन हळदीच्या कागदावर चुन्याचं पाणी शिंपडून ‘रक्त’ काढून दाखवत असे आणि बुवाबाजीवर तावातावाने बोलत असे. गावात माझं नाव झालं होतं. देवळासमोरून माझी मोटारसायकल गेली की कट्ट्यावरची मंडळी म्हणत, ‘देवा, दार लावन घे, मास्तर इलो.’

माझा मोठा भाऊ, आमचा दादा, त्या कट्ट्यावर बसणाऱ्यांपैकीच. पण त्याला अडाणी म्हणायची कुणाची छाती झाली नसती. वडील लवकर गेले. मी शिकायला कोल्हापूरला गेलो आणि तो आंब्या-काजूच्या बागेत राहिला. कलमं आणायला तो वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्रात जायचा, तिथल्या साहेबांना भंडावून सोडेपर्यंत प्रश्न विचारायचा. फवारणी वेळच्या वेळी, औषध मापात, मोबाइलवर हवामान बघून. आणि एवढं सगळं करून आंबे काढायच्या आदल्या दिवशी बागेच्या कडेला राखणदाराला, म्हणजे बाग राखणाऱ्या देवाला, नारळ.

मी एकदा छेडलं होतं त्याला. फवारणी केलीस ना? मग नारळ कशाला?

“फवारणी तुडतुड्यांक,” तो म्हणाला. “नारळ माका.”



मी निवृत्त झालो त्याच वर्षी दादा काजूखाली चक्कर येऊन पडला. वहिनी पेज घेऊन गेली होती, तिला तो पालापाचोळ्यात आडवा दिसला. मालवणच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली, भुवया चढवल्या आणि आम्हाला गोव्याला धाडलं. तिथे पडद्यावर त्याचं हृदय दाखवलं. काळ्यापांढऱ्या धुक्यात काहीतरी फडफडत होतं. दादा मान वळवून एकटक बघत राहिला.

“ह्यो माजो?”

तंत्रज्ञ मुलगी हो म्हणाली. दादाने पडल्या पडल्या हात जोडले. मी वैतागलो. ‘अरे, ते तुझंच आहे, त्याला काय नमस्कार करतोस,’ असं ओठांवर आलं होतं, पण त्याचे डोळे बघून गप्प बसलो.

हृदयातून रक्त बाहेर पडतं तिथली झडप आवळली होती. एवढ्याशा फटीतून रक्त ढकलता ढकलता हृदय थकत चाललं होतं. औषधाने हे सुटणारं नव्हतं. छाती उघडून नवी झडप बसवायची, आणि तीही लवकर. नाही बसवली तर पुढच्या चक्करीनंतर उठेल याची खात्री नाही, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. ऑपरेशनमध्येही धोका होताच. तो आकडा त्यांनी सांगितला आणि मी तो खिशात घालून ठेवला, वहिनीलाही दाखवला नाही.

डॉक्टरांच्या खोलीत भिंतीवर गणपती, त्याला ताजा हार. कॅलेंडर बघत ते म्हणाले, “शनिवार चालेल ना तुम्हाला? काही जणांना चालत नाही.” आणि आम्ही उठताना बोट वर करून, “आम्ही आमचं करतो, बाकी त्याच्या हातात.” माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एवढं शिकून, एवढी यंत्रं हाताशी असून! दादाला मात्र याच वाक्यामुळे डॉक्टर पटला. गाडीत बसल्यावर म्हणाला, “माणूस बरो आसा.” मी म्हटलं, चला, हेही नसे थोडके. तर गोव्याच्या हद्दीवरचा पत्रादेवीचा नाका ओलांडताच तो म्हणाला, “पण देवाक विचारल्याशिवाय मी टेबलार चढूचंय नाय.”

कौल लावला त्या दिवशी मीही देवळात गेलो, पण गाभाऱ्यापासून लांब, खांबाला टेकून उभा राहिलो. गुरव माझाच जुना विद्यार्थी. त्याने गाऱ्हाणं घातलं, मंडळींनी ‘व्हय म्हाराजा’ म्हटलं, आणि पाकळ्या लावून त्याने हात काढला न काढला तोच डावी घसरली.

मी दादाकडे बघत होतो. त्याच्या तोंडावर दुःख नव्हतं. त्याचे खांदे सैल पडले होते. शाळेत डॉक्टर टोचायला येणार नाहीत असं कळल्यावर पोरांचे पडतात तसे. वहिनीनेही ते बघितलं. घरात पाऊल टाकताच ती फुटली. “देवान नाय म्हटल्यान, का तुमच्या भियान?” दादा अंघोळीला गेला.

पुढचे दिवस मी त्याच्या मागे हात धुऊन लागलो. झडपेचं चित्र काढून दाखवलं. पाण्याच्या पंपाचा दाखला दिला. पाकळी, पाणी आणि वारा हा माझा जुना धडाही नव्याने ऐकवला. तो शांतपणे ऐकून घ्यायचा.

“तुजा खरा आसात,” एकदा तो म्हणाला. “माका पाकळेचा काय सांगतंस? तुज्या आदी मी ती पडताना बघलंय. पण कोणाक तरी विचारूक नको? तुडतुडे मेले काय नाय, ता माका पानार दिसता. ह्या आतला माका दिसणा नाय.”

“डॉक्टरांना दिसतं.”

“तेंका माजा काळीज दिसता. मी दिसणंय नाय.”

मी चिडून निघून आलो. वाटेत डोळ्यांत पाणी आलं, तेही वाऱ्याने, असं मी स्वतःला सांगितलं.

तो दिवसेंदिवस उतरत चालला होता. बागेत जायचा तो घरापुढच्या खळ्यापर्यंत येऊन थांबायला लागला. बोलता बोलता दम खायचा. शेवटी वहिनीने मला धरलं. एकाच माणसाने तोच प्रश्न देवाला पुन्हा विचारायचा नाही, अशी आमच्याकडे रीत. पण घरातल्या दुसऱ्या माणसाने आपलं गाऱ्हाणं घातलं तर देव ऐकतो.

“मी इचारलंय आसतंय,” ती म्हणाली, “पण माजा ते आयकाचे नाय. भावजी, तुमीच इचारा.”

“मी? वहिनी, गाव हसेल.”

“हसानेत. हसून कोण मराक नाय.”

मी हो म्हटलं. ज्याने आयुष्यभर त्या पाकळीला फळ्यावर उघडं पाडलं, तोच आता देवापुढे हात जोडून उभा राहणार होता. लाज वाटत होती, ती लपवत नाही. पण दादा गेला तर त्या लाजेचं लोणचं घालायचं होतं का?

दुसऱ्या दिवशी मालवणच्या मासळी बाजारात मला गुरव भेटला. बातमी त्याच्यापर्यंत गेलेली होतीच. त्याने मला बांगड्यांच्या टोपल्यांमधून बाजूला ओढलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, “सर, उजवेकडे पाणी कमी लावतंय. आदी सुकतली, आदी पडतली. तुमीच शिकवलास ना आमका?”

इतक्या वर्षांत माझा एक धडा एका तरी विद्यार्थ्याच्या डोक्यात पक्का बसला होता, आणि तो असा.

“अरे, आधी निष्कर्ष लिहून मग प्रयोग करतोस? शाळेत यासाठी उभा करत होतो ना तुला?” मी ओरडलो. मासळीवाल्या बायका माना वळवून बघायला लागल्या.

“वराडू नकात, सर. देव आपलो, माणूस आपलो. मगे अडता खंय? दादानी माका कलमां दिली, ती लावलंय म्हणान आज माजा घर चलता. तेंका मी असोच मराक देव?”

त्याचं काय चुकत होतं? काहीच नाही. पण मी त्याला सांगितलं, पाणी दोन्हीकडे सारखं लागलं पाहिजे. नाहीतर मी येणार नाही.

मोटारसायकलवर बसलो आणि स्वतःला शिव्या घातल्या. ज्या कौलाला मी थोतांड म्हणत आलो, तो खरा लागावा म्हणून मी भांडत होतो, आणि तेही कुणाशी? माझ्या भावाला वाचवू बघणाऱ्याशी. एका पाकळीची लबाडी केली असती तर दादा हसत टेबलावर चढला असता. पण तो जगात फक्त त्या एका दाराशी डोळे मिटून उभा राहतो. तिथेच त्याला फसवायचं आणि मग भूल द्यायची? आणि तो उठलाच नाही तर? हे मला जमणार नव्हतं. माझं तत्त्व वगैरे म्हणून नव्हे, तो माझा दादा आहे म्हणून.

ठरल्या दिवशी सकाळी देऊळ भरलं होतं. मास्तर गाऱ्हाणं घालणार ही बातमी वाडीवाडीत गेली होती. कट्ट्यावरची मंडळी झाडून आत आली होती. दादा खांबाला पाठ टेकून बसला, वहिनी त्याच्या मागे. गुरवाने दोन्ही पाकळ्या भिजवल्या, मला दाखवून दोन्हीकडे सारखं पाणी लावलं, अंगठ्याने दाबून चिकटवल्या. मग म्हणाला, “सर, तुमीच सांगा. त्या झडपेचा माका सांगूक येवचा नाय.”

मी घसा खाकरला आणि सुरू केलं, “रुग्णाच्या हृदयातील मुख्य झडप अरुंद झाली असून…”

“मास्तर,” मागून कुणीतरी म्हणालं, “देवाक मालवणीत सांगा. तो आपल्या शाळेत नाय होतो.”

देऊळ हसलं. दादाही हसला, आणि हसता हसता त्याला दम लागला. तो छातीवर हात ठेवून वाकला, वहिनीने त्याची पाठ धरली. ते बघून माझी सगळी पोपटपंची गळून पडली.

“बा देवा म्हाराजा,” मी म्हटलं. “मी तुका मानणंय नाय, ता तुका म्हायत आसा.”

काय उत्तर द्यायचं ते मंडळींना कळेना. गुरव धीर करून म्हणाला, “व्हय म्हाराजा.” मग सगळ्यांनीच म्हटलं, “व्हय म्हाराजा!”

“पण ह्यो माजो भाव तुका मानता. बापूस गेल्यार ह्येनाच माका वाढवल्यान.”

“व्हय म्हाराजा!”

“ह्येच्या काळजाचा दार आवळला हा. डॉक्टर नवा बसवतंय म्हणता. ह्यो भिता. मीव भितंय. माका माजो भाव होयो. आजून काय एक मागणंय नाय. काय ता खरा सांग.”

या वेळचा ‘व्हय म्हाराजा’ हळू आला. काही जण खाली बघत होते. मी मागे सरून बसलो. कपाळावरून घाम वाहत होता, आणि मला अजिबात लाज वाटत नव्हती.

पाकळ्या पडेनात. हवा दमट होती, गुरवाने पाकळ्या चांगल्या दाबून लावल्याही होत्या. मंडळी ताटकळली. कुणी तंबाखू मळायला लागलं, कुणी कामाला निघून गेलं. बाहेर मासेवाल्याचा हॉर्न वाजला तशा बायका उठल्या. मग गुरव, “काय उकडता हा,” असं म्हणत उठला आणि कोपऱ्यातला उभा पंखा लावला. कुणा मुंबईकराने देवळाला दिलेला. त्याचं तोंड त्याने वळवलं ते थेट देवाच्या उजव्या बाजूला. माझ्याकडे मात्र बघितलं नाही.

वाऱ्याने उजवी पाकळी थरथरायला लागली. तिची कड सुटत आली होती. आणखी थोडा वेळ, आणि वहिनीचं, माझं, सगळ्यांचं काम झालं असतं. मला फक्त बसून राहायचं होतं.

मी उठलो आणि पंखा बंद केला.

“मास्तर, लावन ठेवा तो, जीव चललो,” कुणीतरी कुरकुरलं. गुरवाने कपाळाला हात लावला. वहिनीने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी तिच्याकडे पुन्हा बघू शकलो नाही. उजवी पाकळी पुन्हा गप्प झाली. आता दादाला काही झालं असतं तर माझं काय झालं असतं, ते मलाच ठाऊक होतं.

बाकीचेही एकेक करून उठून गेले; देवळात आम्ही घरचे आणि गुरव तेवढे उरलो. दादाने मला हाताने जवळ बोलावलं. मी त्याच्या बाजूला जमिनीवर बसलो.

“फॅन कित्या बंद केलंस? वारो उजवेक लागत होतो.”

“माका दिसला ता.”

“मगे?”

“तुका फसवन न्हेवचा नव्हता.”

त्याने पाषाणाकडे बघितलं. दोन्ही पाकळ्या जागच्या जागी होत्या. मग म्हणाला, “देव सांगात सावकाश. तेका घाई नाय, माका आसा. तू सांग. करू?”

इतके दिवस मी हेच तर ओरडत होतो. चित्रं काढून, पंपाचे दाखले देऊन, रागावून. आणि आता त्याने नीट विचारलं तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटेना. डॉक्टरांनी सांगितलेला तो आकडा खिशातून बाहेर आला. हो म्हणालो आणि तो टेबलावरच गेला, तर तो माझ्या हो म्हणण्याने गेला असता. पाकळीवर ढकलता येणार नाही, डॉक्टरवर नाही, वरच्यावर तर नाहीच.

“धोका आहे,” मी म्हटलं. “मी तुला सांगितलं नव्हतं. काही जण उठत नाहीत.”

“ता माका ठावक आसा. डॉक्टरान बोट वर केल्यान तेवाच कळला. मास्तराचा नको. भावाचा सांग.”

“कर,” मी म्हटलं.

तो खांबाला धरून उठला. देवाला नमस्कार केला, आणि वहिनीला म्हणाला, “पिशी भर.”

आम्ही गेल्यावर त्या पाकळ्यांचं काय झालं, कुठली आधी पडली, ते मी गुरवाला विचारलेलं नाही. त्यानेही सांगितलेलं नाही, आणि असा विषय पोटात ठेवणारा माणूस तो नव्हे.

ऑपरेशनच्या दिवशी वहिनी बाहेरच्या खुर्चीवर जप करत होती. मी तिच्या शेजारी बसलो होतो. मी जप केला नाही. पण दार उघडायचं तेव्हा तेव्हा उठून उभा राहायचो, आणि आतून येणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडाकडे बघायचो. एखाद्याने देवाकडे बघावं तसंच ते होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. मी बघायचं थांबवलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच्या घशातली नळी काढली आणि एकालाच आत सोडू म्हणाले. वहिनीने मला पुढे ढकललं. दादा पांढऱ्या चादरीत इतकासा दिसत होता. खोलीतली यंत्रं आपापली कामं करत होती. मी जवळ गेलो तर त्याने डोळे उघडले, मला ओळखलं. ओठ हलवले, आवाज आला नाही. मी वाकून कान त्याच्या तोंडाशी नेला.

“उजवो कौल पडलो रे,” तो म्हणाला.

मी त्याचा हात धरला आणि लहान पोरासारखा रडलो. नर्स म्हणाली, बाहेर जा, पेशंटला त्रास होईल. दादाने माझा हात सोडला नाही.